कुलूप लावलेल्या बंगल्याची घरपट्टी



आजचा विषय जरा पैशापाण्याचा आहे, पण अवघड नाही. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा. नसेल तर नुसतं ऐका, आकडे मी दोनदा सांगेन.

बचत गटाच्या एका बैठकीत दोन प्रश्न निघाले. एक ताई म्हणाली, "माझ्या घराच्या पडवीत मी किराण्याचं छोटं दुकान घातलं, तर माझी घरपट्टी वाढली. हे बरोबर आहे का?" तिचं बोलणं संपतं न संपतं तोच शेजारची मावशी म्हणाली, "तुझं जाऊ दे गं. ओढ्यापलीकडचे ते शहरातल्या लोकांचे बंगले, वर्षातले दहा महिने कुलूप. त्यांना किती पट्टी आहे, कोणी सांगेल का?"

कोणालाच सांगता आलं नाही. म्हणून आज हे दोन्ही प्रश्न घेऊ. स्वतःच्या राहत्या घराखेरीज गावात दुसरं घर बांधणाऱ्यांची पट्टी, आणि दुकान-धंद्याच्या जागेची पट्टी. दोन्हींचं उत्तर एकाच वहीत आहे. ती वही कोणती, ते पुढे सांगते.

आधी घरपट्टी कोण लावतं ते पाहू. गावातल्या इमारतींवर कर लावायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, त्याचं कलम १२४. याच कलमाखाली दिवाबत्ती कर, पाणीपट्टी असे बाकीचे करही येतात. तुमचं गाव नगरपंचायतीत किंवा नगरपरिषदेत गेलं असेल तर तिथले नियम वेगळे. आज मी फक्त ग्रामपंचायतीचं सांगते आहे.

आता बदल काय झाला? पूर्वी घरपट्टी मुख्यतः क्षेत्रफळावर लावत. घर किती चौरस फूट, त्याप्रमाणे पट्टी. त्यात घोळ असा होता की शहराला लागून असलेल्या गावातलं महागड्या जागेवरचं घर आणि आडबाजूच्या गावातलं तेवढंच घर, दोन्ही जवळजवळ एकाच मापात बसायची. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ती पद्धत टिकली नाही. मग सरकारने नियम बदलले. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते.

भांडवली मूल्य हा शब्द मोठा वाटतो. साध्या भाषेत, जागा आणि बांधकाम मिळून सरकारी दराने त्या घराची जी किंमत होते ती. बाजारात गिऱ्हाईक काय देईल, ती किंमत नव्हे. जमिनीचा आणि बांधकामाचा दर सरकारच्या मूल्यदर तक्त्यातून घेतात. लोक त्याला रेडीरेकनर म्हणतात.

हिशेबात पाच गोष्टी धरतात. पहिली, घराचं क्षेत्रफळ. दुसरी, त्या जागेच्या जमिनीचा दर. तिसरी, बांधकाम कशाचं आहे, मातीचं, दगड-विटांचं की आरसीसी स्लॅबचं. चौथी, घर किती जुनं आहे. घर जुनं होतं तशी बांधकामाची किंमत उतरते, त्याला घसारा म्हणतात. आणि पाचवी, घराचा वापर कशासाठी होतो.

ही पाचवी गोष्ट आपल्या कामाची. राहायला वापर असेल तर घराची किंमत आहे तशीच धरायची. उद्योगासाठी असेल तर तिला १.२० ने गुणायचं. दुकान, हॉटेल, लॉज असा वाणिज्यिक वापर असेल तर १.२५ ने गुणायचं. म्हणजे सव्वापट. याला भारांक म्हणतात.

ही किंमत निघाली की दर हजार रुपयांमागे काही पैसे, असा कर लागतो. झोपडी किंवा मातीच्या घराला हजारामागे ३० ते ७५ पैसे. दगड-विटा मातीत रचलेल्या घराला ६० ते १२० पैसे. दगड-विटा चुन्यात किंवा सिमेंटात असतील तर ७५ ते १५० पैसे. आरसीसी घराला १२० ते २०० पैसे. या कमी-जास्तीच्या मर्यादेत आपल्या गावाचा दर कोणता, हे आपलीच पंचायत ठराव करून ठरवते. हे वाक्य लक्षात ठेवा. दर मुंबईहून ठरून येत नाही. मर्यादा तिथून येते, दर गावात ठरतो.

आता तीन घरांचा हिशेब करू. आकडे मी सोपे घेते, तुमच्या गावाचे वेगळे असतील. जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये धरू. आरसीसी बांधकामाचा दर चौरस मीटरला २०,००० धरू. एक चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट.

पहिलं घर मावशीचं. जुनं, दगड-मातीचं, ५० चौरस मीटर. जमिनीचे झाले ५०,०००. बांधकामाचा दर ५,००० धरला तर अडीच लाख, पण घर जुनं म्हणून निम्मी किंमत उतरली असं समजू. राहिले १,२५,०००. एकूण १,७५,०००. हजारामागे ६० पैसे लावले की पट्टी झाली १०५ रुपये.

दुसरं घर ओढ्यापलीकडचा बंगला. नवा, आरसीसी, १०० चौरस मीटर. जमिनीचे एक लाख, बांधकामाचे वीस लाख, एकूण २१ लाख. हजारामागे १२० पैसे लावले तर पट्टी २,५२० रुपये. पुन्हा सांगते. मावशीच्या जुन्या घराला १०५, नव्या बंगल्याला २,५२०.

तिसरं घर दुकानवाल्या ताईचं. नवं, आरसीसी, ६० चौरस मीटर. जमिनीचे ६०,०००, बांधकामाचे १२ लाख, एकूण १२,६०,०००. सगळं राहतं घर असतं तर पट्टी १,५१२ रुपये. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आधी मावशीच्या प्रश्नाकडे. बंगला शहरातल्या माणसाचा आहे, तो इथे राहत नाही, हे त्याचं दुसरं घर आहे, म्हणून त्याला जास्त पट्टी लावता येते का? आपल्या ग्रामपंचायतीच्या नियमात तसा वेगळा दर नाही. मालक कोण, कुठे राहतो, त्याची आणखी घरं किती, हे हिशेबात येत नाही. वर सांगितलेल्या पाच गोष्टी येतात, बस्स.

काही देशांत हे वेगळं आहे. इंग्लंडच्या शेजारी वेल्स म्हणून प्रांत आहे. समुद्रकाठची, डोंगरातली सुंदर गावं आहेत तिथे. पैसेवाल्यांनी सुट्टीसाठी घरं घेतली, किमती चढल्या, गावातल्या तरुणांना स्वतःच्या गावात घर घेणं परवडेना. म्हणून एप्रिल २०२३ पासून तिथल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या करावर आणखी तीनशे टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची मुभा दिली. म्हणजे शंभराच्या जागी चारशेपर्यंत. इंग्लंडमध्येही एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुपटीपर्यंत कर लावता येतो. अलिबाग, दापोली, मुळशी, इगतपुरी या बाजूच्या मैत्रिणींना हे ऐकून आपलंच गाव आठवलं असेल. पण आपल्याकडे तसा नियम नाही. त्यामुळे ग्रामसभेत उठून "त्यांना दुप्पट लावा" म्हटलं, तर ते कागदावर टिकणार नाही.

मग आपण काय म्हणायचं? एवढंच म्हणायचं की जे आहे ते बरोबर लावा. कारण खरी गळती तिथे आहे.

गळती तीन ठिकाणी होते. एक, बंगला उभा राहिला पण नोंदच झाली नाही. शेतात फार्महाऊस बांधलं, वीज आली, बोअर झाली, पण ग्रामपंचायतीच्या वहीत त्या जागी अजून मोकळी जमीन आहे. पट्टी शून्य. दोन, नोंद जुनीच राहिली. कोणाचं तरी पडकं घर विकत घेतलं, पाडलं, तिथे स्लॅबचा बंगला झाला. पण वहीत अजून ५० चौरस मीटरचं दगड-मातीचं घर. मालक दरवर्षी १०५ रुपये भरतो, पावती घेतो, आणि भरायला हवेत २,५२०. तीन, वापर बदलला. शनिवार-रविवार बंगला पर्यटकांना भाड्याने जातो, स्वयंपाकी आहे, मोबाईलवर बुकिंग होतं, पण वहीत वापर निवासी. वाणिज्यिक लागला तर तोच बंगला २,५२० च्या जागी ३,१५० ला जातो.

आता कोणी म्हणेल, दोन-तीन हजारांनी काय होतंय? गावात असे २० बंगले आहेत, आणि प्रत्येकाची नोंद जुन्याच घराची राहिली आहे असं धरा. एका बंगल्यामागे वर्षाला २,४१५ रुपये कमी येतात. वीस बंगल्यांचे ४८,३०० रुपये. चार वर्षांचे १,९३,२००. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. म्हणजे त्या चार वर्षांच्या रकमेत १९,३२० रुपये महिला-बालकल्याणाचे होते. अंगणवाडीची पाण्याची टाकी, मुलींच्या शाळेतल्या सोयी, आपलं प्रशिक्षण यासाठी आपण जेव्हा मागतो, तेव्हा "निधी नाही" हे उत्तर ऐकतो. निधी का नाही, त्यातलं एक कारण हे आहे. बंगल्याचा कचरा गाडी उचलते, त्याच्या दारचा दिवा पंचायत लावते, रस्ता सगळ्यांचा. खर्चात तो आहे, जमेतही असायला हवा.

पण एक सांगते. बंगलेवाल्यांशी भांडण मांडायचं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे स्वयंपाकाला, बागेला, साफसफाईला जातात. कितीतरी मालक सांगितलं तर आनंदाने भरतात, त्यांना कोणी मागितलेलंच नसतं. आपली मागणी पंचायतीकडे आहे, माणसाविरुद्ध नाही.

आता दुकानवाल्या ताईकडे येऊ. तिची पट्टी वाढली हे बरोबर आहे का? वाढणं बरोबर आहे, किती वाढली ते बघायला हवं. पडवीतलं दुकान १२ चौरस मीटरचं. उरलेलं ४८ चौरस मीटर ती राहते. फक्त १२ मीटरला सव्वापट लावली, तर तिची पट्टी १,५१२ वरून साधारण १,५८८ होते. वर्षाला ७६ रुपये जास्त. पण सगळं घरच वाणिज्यिक लिहिलं, तर पट्टी होते १,८९०. म्हणजे ३७८ रुपये जास्त. ७६ की ३७८, हा फरक वहीतल्या एका शब्दाचा आहे. म्हणून दुकान मोजून घ्या आणि तेवढ्याच जागेचा वापर वाणिज्यिक लिहायला अर्ज द्या.

पापड, मसाला, शेवया करणाऱ्या गटांनी आपली शेड कोणत्या वापरात धरली आहे ते विचारावं, उद्योग की व्यापार. भारांक वेगळा आहे, १.२० आणि १.२५. आणि दुकान बंद केलं असेल तर तेही लेखी कळवा. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या दुकानाची सव्वापट कोणी आपणहून काढत नाही. घरात पाहुणे ठेवून न्याहारी-निवासाचा धंदा करणाऱ्या बहिणींनी, पर्यटन विभागाकडे नोंदणी केली असेल तर तो कागद अर्जाला जोडावा आणि आकारणी कशाच्या आधारे केली ते लेखी मागावं.

आता ती वही. तिचं नाव नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही. गावातल्या प्रत्येक घराचा मालक, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि कर त्यात लिहिलेला असतो. नमुना ९ ही मागणीची वही, कोणाकडून किती येणं आहे ती. आणि पट्टी भरल्यावर जी पावती मिळते ती नमुना १०. पावती आपण डब्यात जपून ठेवतो, पण पावती ज्या वहीवरून फाटते ती आपण कधी बघत नाही. खरी गोम तिथे आहे.

तर काय करायचं, क्रमाने सांगते.

पहिलं, आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढा. ग्रामसेवक भाऊसाहेब, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे अर्ज करून फी भरली की मिळतो. त्यातल्या चार ओळी तपासा. नाव, माप, बांधकाम, वापर. घरी फितीने माप घेऊन ताडून बघा. मातीच्या घराला चुकून आरसीसी लिहिलं असेल, तर वर्षानुवर्षं तुम्ही जास्त भरत आहात.

दुसरं, नाव. उताऱ्यावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर दोघांचं लावून घ्या. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावण्याबाबत सरकारचा २००३ चा निर्णय आहे. नमुना ८ हा मालकीचा पक्का पुरावा नाही, तो कराचा कागद आहे, हे खरं. पण अडचणीच्या वेळी ज्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, तिची फरफट जास्त होते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तिसरं, वेळ पकडा. गावाची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. तेव्हा पंचायत यादी प्रसिद्ध करते आणि हरकती मागवते. मुदत नोटिशीवर लिहिलेली असते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. पंचायतीने ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि तिथून पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

चौथं, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आपण तिला हळदीकुंकवासारखी सही करून येतो. यावेळी तिथे दोन प्रश्न मांडा. गेल्या आकारणीनंतर गावात नवी बांधकामं किती झाली, आणि त्यातली नमुना ८ ला किती चढली? आणि महिला-बालकल्याणाचे १० टक्के गेल्या वर्षी किती होते, कशावर खर्च झाले? दोन्ही प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, मग सही करा.

या प्रश्नांत कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. आकडा विचारायचा. आकडा बाहेर आला की पुढचं काम आपोआप सुरू होतं.

एक शंका राहते. काही जण म्हणतात, बांधकाम बिनपरवाना असेल तर पट्टी लावायची कशाला, लावली की ते कायदेशीर होईल. तसं होत नाही. पट्टी भरली म्हणून बिनपरवाना बांधकामाला परवानगी मिळाली असा अर्थ निघत नाही. परवानगीचा विषय वेगळा, कराचा वेगळा. हीच गोष्ट उलटीही खरी आहे. बंगला घेताना किंवा जागा घेताना कोणी नुसती घरपट्टीची पावती दाखवून "सगळं कायदेशीर आहे" म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका.

आणि शेवटची गोष्ट आपल्यासाठी. दुसऱ्याच्या पट्टीबद्दल विचारायला जायचं तर आपली भरलेली हवी. बाकी असेल तर हप्त्याने देता येईल का विचारा. थकबाकी साचली तर पंचायत मागणीची नोटीस काढते, आणि तरीही भरली नाही तर घरातल्या वस्तूंच्या जप्तीपर्यंत जायचा अधिकार कायद्याने तिला आहे. ती वेळ येऊ देऊ नका. गटाच्या बैठकीत जसा हप्त्याचा हिशेब होतो, तसं वर्षातून एकदा घरपट्टीच्या पावत्याही समोर ठेवा.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच. कुलूप लावलेल्या बंगल्याला वेगळा दर नाही, पण त्याच्या आकाराएवढी, बांधकामाएवढी आणि वापराएवढी पट्टी आहे. ती लागली आहे की नाही, हे नमुना ८ सांगतो. आणि आपल्या पडवीतल्या दुकानाचंही तोच सांगतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला उतारा घेऊन यायचं, असं ठरवा. एकीला वाचता येत नसेल तर दुसरी वाचून दाखवेल. आपण गट कशासाठी केलाय?

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.